इथे राजकारण नको

नाशिकरोडला आमच्या कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याचे ॲडमिन निवृत्त हेडक्लार्क, म्हणजे आता पूर्णवेळ सेन्सॉर. सकाळची गुलाबाची फुलं आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाचे केक त्यांना चालतात. मी कोपऱ्यावरच्या खड्ड्याचा फोटो टाकला, तर तो लगेच उडवला आणि वर मलाच समज दिली, "अहो, नगरसेवक ग्रुपवर आहेत. इथे राजकारण नको."

मागच्या महिन्यात ॲडमिनसाहेबांची स्कूटर त्याच खड्ड्यात गेली आणि हात मोडला. ग्रुपवर फुलांचा खच पडला. नगरसेवकानेही 'लवकर बरे व्हा' टाकलं. मी फक्त एवढंच विचारलं, "पडलात कुठे?"

मिनिटभरात माझा प्रश्न गायब. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे डाव्याने उडवला असणार.