आधी कान बघा

पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांना तलावावर सगळे बेडूकमास्तर म्हणत, आणि मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. माणूस मुळात हसरा. मध्यंतरी मात्र वर्षभर त्यांचं कशातच मन लागेना, तेव्हा मनोविकारांच्या डॉक्टरबाईंनी त्यांना पुन्हा माणसांत आणलं. गोळ्या अजून चालू होत्या. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

यंदा मास्तरांचा कान ठणकायला लागला. डॉक्टरबाईंच्याच दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांकडे ते गेले. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरच्या मास्तरांच्या जुन्या नोंदींवर नजर टाकली आणि कानाला हातही न लावता म्हणाले, "फार मनावर घेता तुम्ही. झोप नीट घ्या, वाटेल बरं."

मास्तर काय समजायचं ते समजले. बंद दाराआड सांगितलेलं इथे उघड्यावर? उद्या तलावावर कळलं तर पोरांना आपल्या भरवशावर पाण्यात कोण सोडेल?

घरी येऊन ते तणतणले, "त्या बाई नकोत आणि त्यांच्या गोळ्याही नकोत."

"बंद करायचं तर करा," बायको म्हणाली. "पण त्यांना तोंडावर सांगून या. इथे माझ्यावर कशाला डाफरता?"

मास्तर गेले. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पेशंटला दारोदार तीच कहाणी सांगावी लागू नये म्हणून नोंदी सगळ्या डॉक्टरांना त्यांनीच खुल्या केल्या होत्या. हेतू चांगला, पण एका शब्दाने विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. सारवासारव केली नाही. मास्तरांसमोरच नोंदी बंद केल्या. "ज्यांनी वाचलं त्यांच्याशी मी बोलते. यापुढे कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवा. फक्त नवं औषध घेताना या गोळ्यांचा विचार करा. काही औषधं एकमेकांना चालत नाहीत."

मास्तरांचा राग लगेच निवळला नाही, पण गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी खिशात घातली.

चार दिवसांनी ते पुन्हा कानाच्या डॉक्टरांसमोर बसले. या वेळी डॉक्टर जरा ओशाळलेले होते. "दुसरी काही औषधं चालू आहेत?" त्यांनी विचारलं.

"सांगतो. पण आधी कान बघा."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, बॅटरी लावली. "अहो, आत चांगलीच सूज आहे की."

मग मास्तरांनी गोळ्यांची नावं सांगितली, आणि त्या कशासाठी घेतो तेही, आवाज जराही खाली न आणता.