वहिनीचे अकरा फोटो

आमच्या गावाहून, धनजहून निघालो त्या दिवशी जीप दारात उभी होती आणि घरात माझ्या बॅगेवरून भांडण चाललं होतं. आईला आणखी दोन किलो तुरीची डाळ कोंबायची होती. दादा काट्याला बॅग टांगून नाही म्हणत होता. शेवटी वहिनीनं माझे दोन स्वेटर बाहेर काढले आणि डाळ बसवली. डब्लिनला उतरल्यावर त्या स्वेटरांची मला फार आठवण आली. जीप सुरू झाली तेव्हा बाबा खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाले, "फोटू धाडत जाजो बाप्पा. तुह्या मायले पाह्यलं का बरं वाटते."

आईबापाचं बाकी किती ऐकलं देव जाणे, पण हे ऐकलं. दहा वर्षं फोटो धाडत राहिलो. ट्राम, पूल, बर्फ, नवीन जॅकेट, ताटातला मासा, पुन्हा तोच पूल. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना हा आजार ठाऊक असेल. आपण सुखात आहोत हे घरच्यांना पटवता पटवता स्वतःलाही पटवायचं असतं. हे सगळं जायचं वहिनीच्या फोनवर. बचत गटाचं काम तिच्याकडे, म्हणून घरातला बरा फोन तिचाच.

गेल्या दिवाळीला गेलो तर तो फोन पार जेरीस आलेला. काही उघडलं की जागा संपल्याची सूचना. दादाच्या फोनची काच फुटलेली, आणि जुन्या कॅमेऱ्याची कार्डं देवघराच्या खणात हळदीकुंकवाशेजारी. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांचे फोटो या असल्या सामानात विखुरलेले होते. एक फोन विहिरीत पडला असता, तर काय उरलं असतं?

मी कॉम्प्युटरवाला, त्यामुळे साहजिकच रुबाब आला. माझा जुना लॅपटॉप तिथेच ठेवला, सगळे फोटो त्यात उतरवले आणि डब्लिनला परतल्यावर फोटो सांभाळणारं फुकट सॉफ्टवेअर शोधायला लागलो. मला आवडलं ते फारच देखणं होतं. त्यासाठी घरात एक मशीन दिवसरात्र चालू ठेवावं लागे, एवढाच त्रास. व्हिडिओ कॉलवर वहिनीला त्याचे गुण सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, लाइट गेली की काय करायचं? मग म्हणाली, नेट नसलं तर फोटो दिसतील का? आणि ज्यांनी हे फुकट दिलंय त्यांनी उद्या दुकान बंद केलं, तर आपले फोटो आपल्या हाती राहतील का? दहावी शिकलेल्या बाईनं तीन प्रश्नांत माझी निवड मोडीत काढली. मी मुकाट्यानं दुसरं शोधलं. ते दिसायला साधं, पण नेटशिवाय चालणारं आणि फोटो आपल्याच फोल्डरमध्ये जागच्या जागी ठेवणारं. वर तिनं दुसरी हार्ड डिस्क मागवून घेतली आणि शिरपूरला आपल्या भावाकडे नेऊन ठेवली. आमच्याकडे घरचं बियाणं सगळं एकाच घरात ठेवत नाहीत, थोडं सोयऱ्याकडे असतं. तिच्या लेखी फोटोंनाही तोच नियम.

या सॉफ्टवेअरला चेहरे ओळखता येतात. एकेक चेहरा वेगळा काढून ते नाव विचारतं. दोन रविवार वहिनी तिकडे बसून नावं भरत होती आणि मी इकडून तिच्याच स्क्रीनवर बघत होतो. बाबा सापडले की ती थांबायची. तिसऱ्या रविवारी यादी पूर्ण झाली. सगळ्यांत जास्त फोटो माझे, शेकड्यांनी. मग दादाच्या पोरांचे, आईचे, बाबांचे. वहिनीचे अकरा. तेही लग्नांतले, कडेला उभी असतानाचे.

मी सॉफ्टवेअरवर खापर फोडलं. डोक्यावर पदर असल्यामुळे ते चेहरा ओळखत नसणार, असं तिला ठासून सांगितलं. सेटिंग बदलली, पुन्हा सगळे फोटो तपासायला लावले. दिवसभर ते काम चाललं. संध्याकाळी पुन्हा अकराच. मग वहिनीच म्हणाली, "कायले त्याले दोष देता? ते बराबर हाये. फोन भरला का मी माहे फोटो पुसत गेली."

माझ्या त्या पुलाचे नऊ फोटो होते, तरी तिनं एकही पुसला नव्हता. मी विचारलं, माझे का नाही पुसले?

"तुमचे कसे पुसाचे भाऊजी? मी तं घरीच हाओ. कोणाले मले पाहाचं असन तं समोरच दिसतो. तुमी कुठं दिसता?"

कॅमेरा बंद करून मी रडलो. ती तिकडून हाका मारत राहिली, नेट गेलं का म्हणून विचारत राहिली.

आपण निघून येतो आणि समजतो की मागे आपली जागा आपोआप राखलेली असते. माझी जागा कुणीतरी राखत होतं, दर आठवड्याला, स्वतःला थोडं पुसून. गावाकडे आपलं घर आहे, असं मी इथल्या मित्रांना किती सहज सांगायचो.

आता मी वहिनीला एक अट घातली आहे. दर रविवारी तिनं स्वतःचा एक फोटो धाडायचा, एकटीचा. लोक काय म्हणतील म्हणून तिनं आधी बरेच आढेवेढे घेतले. परवाचा फोटो हरभऱ्यातला आहे. उन्हानं डोळे बारीक झालेत, हातात विळा आहे, कोपऱ्यात तिचंच बोट आलंय. घरची आठवण आली की हल्ली मी तोच उघडून बसतो.