बसल्या जागेवरून दिसलं पाहिजे

ती शिवणकाम करायची. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं नाकातून. म्हणून गल्लीतली माणसं तिला टाचणीताईच म्हणायची. खोल्या दोनच. मागच्या खोलीत खाट आणि गॅस, पुढच्या खोलीत मशीन, आणि मशीनच्या वर, छताला दोरांनी टांगलेला, विमानाचा पंख.

हो, विमानाचाच. तिचा धाकटा भाऊ बसगाड्या दुरुस्त करायचा, आणि त्याला घरी विमान बांधायचं वेड लागलेलं. कुणाला पत्त्यांचं लागतं, कुणाला बाटलीचं, ह्याला ह्याचं लागलं. त्याच्या घराचा जिना अरुंद, पंख काही वर जाईना.

"ताई, दोन महिने ठेव गं तुझ्याकडे," म्हणाला.

त्या दोन महिन्यांची सहा वर्षं झाली. आधी डावा पंख आला, मग उजवा. लाकडी फासळ्यांवर कापड ताणून, मेणाच्या दोऱ्यानं दोन-दोन बोटांवर गाठ मारत तिनंच ते शिवलं. "एवढी लांब बाही जन्मात शिवली नव्हती," म्हणायची. गिऱ्हाईक आलं की वाकून आत यायचं आणि वाकूनच माप द्यायचं. तिची स्वतःची मान तर अशी धरायची की रस्त्यानंही ती खाली बघूनच चालायची. लोकांना वाटे, बाई किती शालीन!

शेवटी एकदाचे पंख गावाबाहेरच्या शेडमध्ये गेले आणि विमानाला लागले. छताचे दोर मात्र तिनं काढले नाहीत. उडवायची परवानगी देणारे तपासनीस साहेब विमान पास करत नाहीत तोवर काही खरं नव्हतं.

आणि साहेबांनी केलं नापास. सगळं बघितलं, हलवून बघितलं, ठोकून बघितलं. मग सीटवर बसले आणि विचारलं, "टाकीत पेट्रोल किती आहे?"

भावानं बोट दाखवलं. आधी त्यानं जुन्या मोटारीचा काटा लावला होता, तो नुसता नाचायचा. मग टाकीला बाहेरून एक उभी पारदर्शक नळी लावली. टाकीत जेवढं, नळीत तेवढं. सोपं. पण पेट्रोल असतं पाण्यासारखं. नळी भरलेली की रिकामी, काही म्हणता काही कळेना. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला बसल्या जागेवरून दिसत नाही. वर गेल्यावर तुम्हाला तरी काय दिसणार? पंधरा दिवस देतो. नाहीतर ह्या वर्षीचं राहिलं."

ह्या वर्षीचं राहिलं म्हणजे काय, ते टाचणीताईला बरोबर कळलं. शेड महिनाअखेरपर्यंतच मिळाली होती. म्हणजे पंख सुटणार आणि तिच्या डोक्यावर परत येणार. भावाला बोलावं तर तो आधीच तोंड पाडून बसलेला.

भावानं नळीमागे पांढरा कागद लावला, मग काळा, मग लाल. आत बुचाचा तुकडा सोडला, तो मध्येच अडकून बसला. भावजय म्हणाली, "ताई, ह्यांना सांगा, विमान राहू द्या, आधी झोपा जरा." आठ दिवस असेच गेले.

नवव्या दिवशी दुपारी टाचणीताई बेकरीवाल्यांचे बारा एप्रन घेऊन बसली होती. पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आणि त्यांना खिसे तिरक्या पट्ट्यांचे हवे होते. डोळे मिटत होते, पण काम थांबवून भागत नव्हतं. कापलेले खिसे समोर भिंतीला टाचले, मशीनवर येऊन बसली आणि सहज वर बघितलं, तर एका खिशाचे पट्टे उलट्या बाजूला झुकलेले!

कापड मोजून आणलेलं, आता दुसरा खिसा कुठून काढायचा? डोळे भरून आले बिचारीचे. उठून बघते तर काय, खिसा बरोबर आहे. परत बसली, परत उलटा. मग लक्षात आलं, मध्ये मशीनच्या तेलाची बाटली होती. उभी काचेची बाटली, तेल पाण्यासारखं नितळ, अर्धी भरलेली. तेलातून बघितलं की पट्टे उलटे. तेलाच्या वरच्या रिकाम्या काचेतून बघितलं की सुलटे. आणि तेल जिथं संपतं, तिथं असा काही मोड दिसत होता की आंधळ्यालाही कळावा.

तोंडातल्या टाचण्या तिनं हातावर काढल्या. उरलेल्या चिंधीतून तिरक्या पट्ट्यांचीच एक लांब पट्टी कापली आणि तशीच बस पकडून शेडमध्ये गेली.

"हे नळीच्या मागे लाव."

"ताई, नळीला काय झालर लावतेस?"

"लाव म्हटलं ना!"

त्यानं पट्टी नळीला चिकटवूनच लावली, तर काहीच दिसेना. बाटली आणि भिंतीत अंतर होतं, हे तिला आठवलं. बोटभर मागे सरकवली, आणि पट्टे मोडले. भाऊ सीटवर जाऊन बसला, उतरला, परत बसला.

मग दोन-दोन लिटर ओतत खुणा करायच्या होत्या. सगळ्या करून झाल्यावर टाचणीताईनं विचारलं, "अरे, हे विमान उडताना असंच जमिनीवर शेपूट टेकून बसलेलं असतं का?"

"छे, उडताना सरळ असतं."

"मग बसलेल्या माणसाचं माप घेऊन उभ्या माणसाची विजार शिवतोयस तू."

भावानं कपाळाला हात लावला. शेपूट उचलून स्टुलावर ठेवलं, आणि पेट्रोल काढून परत पहिल्यापासून. खांदे भरून आले दोघांचे. भावजय डबा घेऊन आली, तर दोघं जमिनीवर पाय पसरून बसलेली, एकमेकांकडे न बघता.

साहेब आले. शेपूट स्टुलावरच होतं. सीटवर बसले, चष्मा न पुसता म्हणाले, "चौदा." पेट्रोल काढून मोजलं. चौदा आणि वर वाटीभर.

"हे कुणाचं डोकं?"

"ताईचं," भाऊ म्हणाला.

"डोकं कसलं, बारा खिशांचा वैताग," ती म्हणाली. "साहेब, आता पंख काढायला नाही ना लागत?"

"आता कशाला काढायचे?"

एवढंच तिला ऐकायचं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, पहिली चक्कर बघायला बाहेर ये." ती म्हणाली, "हो, आलेच." शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीची घडी होती, तिच्यावर जरा टेकली.

बाहेर इंजिन सुरू झालं, पत्रे थरथरले, माणसांनी टाळ्या वाजवल्या. भावजय धावत आत आली, "ताई, उठा, गेले बघा वर!" टाचणीताई कुशीवर वळलेली, तोंड उघडं, बोटात अजून अंगुस्तान. भावजय क्षणभर थांबली. मग दाराची एक फळी ओढून घेतली, तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून, आणि एकटीच वर बघायला बाहेर गेली.