पहाटे सुचलेली चाल

शेषरावभाऊ औषधाची बाटली तालात हलवायचे. नांदुऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे ते कंपाउंडर होते. खिडकीतून आपण रिकामी बाटली आत द्यायची, ते तिच्यात मिक्श्चर ओतायचे, बूच लावायचे आणि मग हलवणं सुरू व्हायचं. बाहेर कोणी तापानं फणफणून भिंतीला टेकलेलं असो की कोणाचं पोर भोकाड पसरून रडत असो, समेवर आल्याशिवाय बाटली खिडकीबाहेर येत नसे. कोणी कुरकुरलं तर ते शांतपणे म्हणत, "हलवून घ्या लागते. खाली बसलेलं वर आलं पायजे." हे वाक्य त्यांनी औषधापुरतं ठेवलं नव्हतं. बोलणं टाकलेले भाऊभाऊ असोत, मॅट्रिकला आपटलेला मुलगा असो, त्यांच्याकडे सगळ्यांवर हाच इलाज होता.

मी तेव्हा नांदुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते. माहेर खामगावचं, गाणं शिकले अमरावतीला. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, गावात सारखे पाहुणे येत, उद्घाटनं होत आणि प्रत्येकाला स्वागतगीत लागे. माझी नेमणूक मुलींना संगीत यावं म्हणून झाली की पाहुण्यांना हार घालण्याआधी काहीतरी वाजावं म्हणून, हे मला कधी कळलं नाही. एकदा घसा बसला म्हणून दवाखान्यात गेले. "कोन्त्या शाळेत? काय शिकवता?" अशी चौकशी झाली. गाणं म्हटल्याबरोबर शेषरावभाऊंचा हात आवर्तनाच्या मध्येच थांबला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते दारात हजर. काखेत कापडात गुंडाळलेला बुलबुल. तारांचं हे वाद्य, त्याला टाइपरायटरसारख्या कळा असतात; लग्नघरी, गणपतीत हौशी माणसं ते मांडीवर घेऊन सिनेमाची गाणी वाजवायची. पंचेचाळिशीचा माणूस, डोक्यावर टोपी, सदऱ्यावर औषधाचे लाल डाग. वर्गात बाईमाणूस एकटं आहे म्हणून ते उंबरा ओलांडेनात. शेवटी शिपायाचं स्टूल व्हरांड्यात ठेवलं, त्यावर ते बसले, मी आत पेटीजवळ. पुढे वर्षभर आमची सगळी संगीतचर्चा अशीच उंबऱ्यावरून झाली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवली. मागच्या गणपतीत कोणी वकील सगळ्यांदेखत म्हणाले, वाजवता छान, पण तुमचं स्वतःचं यात काय? ते त्यांना लागलं. त्यात मंडळानं जाहीर केलं की पुढच्या वर्षी स्वरचित गाण्यांची स्पर्धा ठेवू, शब्द आणि चाल दोन्ही स्वतःचं हवं. शेषरावभाऊंनी शब्द जुळवले होते. ते मूळचे वडनेर भोलजीचे, त्यामुळे गाणं कापूस वेचणीचं:

काळ्या शेतामंदी पांढरं चांदणं
वेचाले चालल्या साऱ्या लेकीबाळी

"एक चाल, बाई," ते म्हणाले. "एकच. पन माही स्वतःची. ते कशी करतात तेवढं सांगा."

ते कसं करतात हे मला तरी कुठे माहीत होतं? मला दुसऱ्यांच्या चाली शिकवता येत होत्या. पण तसं तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून काय सुचलंय ते वाजवा म्हटलं. त्यांनी वाजवलं आणि मी पेटीवरचा हात काढून घेतला. पहिल्या दोन ओळींची चाल त्यांच्याकडे होती आणि ती खरोखर सुरेख होती. वर जायची नि वाटेतच मन बदलल्यासारखी खाली उतरायची. कुठल्या गाण्याची नक्कल नव्हती. कुठून सुचली विचारलं तर म्हणाले, पहाटे झोपेत येते. डोळा धड लागलेला नसतो, धड उघडलेला नसतो, तेव्हा येते. "देव देऊन राह्यला, दुसरं काय?"

चालीत एकच खोड होती. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ते अचानक थांबत. मी तळहातावर मात्रा मोजून दाखवल्या, इथे ताल सुटतो, ही जागा भरून काढा म्हटलं. एरवी माझा शब्द प्रमाण मानणारा हा माणूस त्या जागी ऐकेना. "तिथं थांबा लागते बाई. काऊन, ते मले नाई माहीत." अंतरा मात्र त्यांच्याकडे नव्हता. मी माझ्या परीनं दोन-चार बांधून दिले. ते इमानदारीनं वाजवत आणि शेवटी म्हणत, "तुमचं चांगलंच हाय. पन हे ह्या घरचं नाई वाटत." मला राग यायचा, पण ते खरं होतं. मग मी म्हटलं, पहाटे सुचतं ना, तर पहाटेच लक्ष ठेवा, घाई करू नका.

त्यांनी लक्ष ठेवलं, आणि जरा जास्तच ठेवलं. दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची चक्की सुरू झाली. त्यांच्या घरी अजून जात्यावरच दळण होई. ते ओसरीवर झोपत आणि अनुसयावहिनी, त्यांच्या पत्नी, मागच्या खोलीत पहाटे दळायला बसत. जात्याच्या घरघरीनं आपली समाधी मोडते, नाहीतर अंतरा कधीच आला असता, असं शेषरावभाऊंच्या मनानं घेतलं. त्यांनी फर्मान काढलं की यापुढे दळण चक्कीवर टाकायचं. वहिनींना काय, आनंदच झाला. खांद्याचं दुखणं गेलं, वर तासभर झोप मिळाली. नवऱ्याला एकदम एवढी कणव कशी आली म्हणून त्यांनी शेजारणींना कौतुकानं सांगितलंही.

आणि चाल यायची बंद झाली. अंतरा तर नाहीच, आधी येत होतं तेही येईना. थंडीभर ते उतरलेल्या चेहऱ्यानं व्हरांड्यात येऊन बसत. दवाखान्यात बाटल्या आता कशाही हलवल्या जात आणि झटक्यात बाहेर येत. लोकांना बरंच वाटत होतं. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी रात्री उपाशी झोपून पाहिलं, उशी बदलून पाहिली. "सगळं सामसूम असते बाई," ते म्हणाले. "आयकत पडतो. काहीच येत नाई."

वैशाखात त्यांच्या मुलीचं, सुमनचं लग्न निघालं. मुलगा मलकापूरचा. आमच्याकडे लग्नाचे गहू, डाळ काय हवं ते चक्कीवर टाका, पण हळद घरच्या जात्यावरच दळायची असते, आणि ती सवाष्णींनी, गाणं म्हणत. त्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मागच्या खोलीत दिवाळीपासून कोपऱ्यात पडलेलं जातं धुऊन मध्ये मांडलं होतं, खुंट्याला हळकुंड नि सुपारी फडक्यात बांधली होती. बायका दाटीवाटीनं बसल्या. पहिला मान नवरीच्या आईचा, म्हणून अनुसयावहिनी खुंटा धरून बसल्या, समोरून त्यांच्या नणंदेनं हात दिला. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बघत सुरुवात केली:

पिवळी हळद बाई, पिवळे झाले हात
लेकीसाठी आज पुन्हा मांडलं जातं

शब्द निराळे होते. चाल तीच. वर जाणारी, मन बदलून खाली येणारी. आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर वहिनी थांबल्या, खुंट्यावरचा एक हात सोडून हळदीची मूठ जात्याच्या तोंडात टाकली, आणि पुढचे शब्द घेतले. मी ज्या जागेसाठी इतके महिने तळहात बडवला होता, ती जागा मुठीची होती. दोन ओळी झाल्या आणि वहिनी तशाच सहज पुढे गेल्या. तो अंतरा होता.

मी दाराकडे पाहिलं. शेषरावभाऊ पाण्याची बादली घेऊन तिथे उभे होते. आचाऱ्याला पाणी द्यायला निघाले असावेत. बायकांच्या खोलीच्या दारात पुरुषमाणूस उभं, म्हणून कोणी खाकरलं, कोणी पदर ओढला. ते हलले नाहीत. रुळाजवळ राहणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही, तसं वीस-बावीस वर्षं या माणसानं बायकोचं गाणं झोपेतच ऐकलं होतं. जागेपणी आज पहिल्यांदा. वहिनींनी जातं थांबवून काय पाहिजे म्हणून विचारलं. "काही नाई," ते म्हणाले आणि बादली घेऊन गेले. लग्न व्यवस्थित पार पडलं. वराकडचे जेवणाला नावं न ठेवता गेले, यावरून काय ते समजावं.

नंतर बरेच दिवस ते शाळेकडे फिरकले नाहीत. आले ते बुलबुल न घेताच. स्टुलावर बसून टोपी काढली. "माह्यापाशी चालच नव्हती, बाई." आवाज साधा होता. या माणसानं काही चोरलं नव्हतं, फक्त आपल्याच घरातलं त्याला आकाशातून आल्यासारखं वाटलं होतं. मी त्यांना समजावलं. जात्यावरच्या चाली कोणाच्याच नसतात, तुमचे शब्द आहेत, खुशाल गा, मंडळातल्या कोणाला काही कळणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले तं कळते ना."

वहिनींना त्यांनी विचारलं होतं की ही चाल कुठून आणली. आणायची काय, माय म्हणत होती, दळता दळता आपणही म्हणतो, असं त्या म्हणाल्या. सगळं म्हणून दाखव म्हटलं तर त्यांना येईना. हात रिकामे असले की गाणं पुढे सरकत नव्हतं. तेव्हा शेषरावभाऊंनी काय करावं? जातं पुन्हा मांडलं आणि समोरून खुंटा धरून स्वतः दळायला बसले. कंपाउंडर बायकोसमोर बसून दळतो, ही बातमी स्टेशनपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. खिडकीपाशी लोक मुद्दाम विचारत, आज ज्वारी की बाजरी? ते म्हणत, "ज्वारी. तुमचं काही असंन तं आना." लोकांना वाटलं, चार दिवसांची हौस. पण गणपती आले तरी दळण चालूच होतं.

स्पर्धेच्या दिवशी मंडपात मी बायकांच्या बाजूला होते, शेजारी वहिनी. आपल्याला कशाला आणलंय हे त्यांना माहीत नव्हतं. शेषरावभाऊंचं नाव पुकारलं गेलं. ते बुलबुल मांडीवर घेऊन बसले आणि वाजवायच्या आधी लाउडस्पीकरमध्ये म्हणाले, "शब्द माहे हायेत. चाल सुमनच्या मायची हाय, तिले तिच्या मायनं देल्ली. मले बक्षिसात धरू नका." मंडपात हशा पिकला. मग त्यांनी गाणं म्हटलं, मधल्या थांब्यासकट, आणि हसणारे हळूहळू गप्प झाले. वहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला होता, तो गाणं संपेपर्यंत काढला नाही. कप दुसऱ्या कोणाला मिळाला. घरी जाताना शेषरावभाऊ नेहमीसारखे चार पावलं पुढे न चालता वहिनींच्या बरोबरीनं चालत होते. तेवढ्यानंही वहिनींना ओशाळल्यासारखं झालं.

पुढे माझी खामगावला बदली झाली. जाणंयेणं कमी झालं. शेषरावभाऊंनी नंतर चाल लावायचा नाद केला नाही. कधी भेटले आणि मी विषय काढला की म्हणत, आपल्यात ते नव्हतं बाई, देवानं कान दिला, तोंड नाही दिलं. हे ते दुःखानं म्हणत नसत; पण हसूनही म्हणत नसत. एका उन्हाळ्यात दवाखान्यातून घरी आले, छातीत दुखतं म्हणाले आणि गेले.

मी भेटायला गेले तेव्हा तेरवी होऊन गेली होती. वहिनी मागच्या खोलीत बसल्या होत्या, सुमन होती. बोलता बोलता गाण्याचा विषय निघाला. वहिनींनी सगळं गाणं खालच्या आवाजात म्हटलं, हात मांडीवर गोल फिरत होता. अंतऱ्याच्या शेवटी स्वर एकदम वर वळला आणि तिथेच राहिला. लग्नात मी ऐकलं होतं तेव्हा तो तसा नव्हता, खाली उतरला होता. हळद दळतानाचं ते गाणं मी विसरणं शक्य नव्हतं, म्हणून मी विचारलं, तुमच्या आई शेवट असाच करायच्या का?

"नाई," वहिनी म्हणाल्या. "हे सुमनच्या बाबांचं हाय. दळता दळता ते तिथं रोज चुकत. मले ते चांगलं वाटे. मंग मीबी तसंच म्हनाले लागली, आता गल्लीतल्या साऱ्या बाया तसंच म्हनतात."

त्यांना कधी सांगितलं का, मी विचारलं.

"नाई सांगतलं. सांगतलं असतं तं त्यायनं सुधारलं असतं."