अक्काचं स्टूल

फोन आला तेव्हा मी भांडी घासत होतो. हात पुसेपर्यंत तो थांबला, पुन्हा वाजला. इस्पितळातून बायको बोलत होती. "अक्का गेल्या..." एवढंच म्हणाली. नळ मी तसाच सोडला होता. त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. अक्काला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे अक्काच्या बँकेतल्या नोकरीबद्दल बोलतात, तिच्या हातच्या पुरणपोळीबद्दल बोलतात. मला मात्र ती दिसते ती आमच्या स्वयंपाकघरामागच्या मोरीत, पदर खोचून बसलेली.

अक्का माझी थोरली बहीण. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. बनशंकरी भागातल्या आमच्या घरात ती खाली राहायची, आम्ही वर. रत्नम्मा दोन्हीकडे कामाला होती. तिची थोरली मुलगी भाग्या तेव्हा आठवीत. दरवर्षी शाळा उघडताना तिची वह्या-पुस्तकं मी घेऊन द्यायचो आणि चारचौघांत ते सांगायचोही. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. पण रत्नम्माची कंबर धरली की ती भाग्याला बदली म्हणून पाठवायची, आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं. मला तर ते सोयीचंच होतं...

एका सकाळी बायकोच्या माहेरची माणसं आली होती. भाग्या गणवेशात, पाठीला दप्तर लावून दारात उभी राहिली. "अम्माला उठवत नाही, अण्णा. पण आज माझी परीक्षा आहे..." मी म्हणालो, "स्वल्प भांडी घासून जा गं. सहामाहीच ना? शाळेत सांग, बरं नव्हतं म्हणून." ती मुकाट्याने मोरीत गेली. अक्का वर कॉफीला आली होती. तिने कप खाली ठेवला, आत जाऊन भाग्याच्या हातातली घासणी काढून घेतली. "नीघ. बस चुकेल." भाग्या घाबरून माझ्याकडे बघू लागली. "त्याच्याकडे काय बघतेस? आज बदली मी आहे."

पाहुण्यांच्या देखत माझी थोरली बहीण खरकटी ताटं घासायला बसली. मी हळूच म्हणालो, "अक्का, ऊठ. लोक काय म्हणतील?" "म्हणतील, भावाने बहिणीला कामाला ठेवलंय. पगार तेवढा नीट ठरव." मेव्हणा खो खो हसला. मला हसू येईना. "पुस्तकं मीच देतो ना तिला?" मी कुरकुरलो. अक्काने ताट विसळून माझ्या हातात दिलं. "पुस्तकं दिलीस रे... वाचायला दिवस कुठे दिलास?"

त्यानंतर रत्नम्मा आली नाही की अक्का खालून यायची. गुडघे दुखायचे, म्हणून आपलं बुटकं लाकडी स्टूल घेऊन. पुढे ते आमच्याच मोरीत राहिलं. रत्नम्माला तिने बजावलं होतं, "तू खुशाल आजारी पड. पोरीला पाठवू नकोस." शेवटी लाजेने मी त्या स्टुलावर बसलो. पहिल्यांदा तर मोरीचं दार लावून भांडी घासली! तरी शेजारच्या बाईंना कळलंच. "सरी, छान झालं अण्णा, आमच्याकडे कधीपासून येताय?" अक्का महिनाभर मला त्यावरून चिडवत होती.

भाग्या आज मारतहळ्ळीला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. मायलेकींची ती पूर्वीची पत्र्याची खोली सुटली. रत्नम्माने आमची दोन घरं ठेवून बाकीची सोडली. धाकटी कॉलेजात जाते, तिला कुणी बदलीला पाठवत नाही. कष्ट सगळे भाग्याचेच. अक्काने फक्त तिचे दिवस राखले. आणि मलाही त्यात थोडंसं बसवून घेतलं, हे तिचे उपकार. नाहीतर मी पुस्तकं देऊन धन्य होत राहिलो असतो.

गेल्या रविवारी भाग्या भेटायला आली. कॉफी झाल्यावर तिने सवयीने कप उचलले आणि मोरीत गेली. स्टूल दिसलं तशी तिथेच थबकली. मी मागून जाऊन तिच्या हातातले कप घेतले. तोंडातून आपोआप निघालं, "नीघ. बस चुकेल."

डोळे पुसता पुसता ती हसली. "अण्णा, मी स्कूटरवर आलेय."

ती गेल्यावर मी स्टुलावर बसलो. कप दोनच होते... पण लवकर उठावंसं वाटलं नाही.