आपल्यापेक्षा भारी टीम

शुक्रवारी संध्याकाळी मी आणि माझ्या बायकोनं मिळून कोर्टावर फक्की मारली. दोघांनी सोबत केलेलं शेवटचं काम ते. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, मैदानावर रेघा आखायला लागते ती. दोरी ताणून मी धरायची आणि तिनं वाकून, मागं मागं सरकत मुठीतून भुकटी सोडायची, असं आमचं ठरलेलं होतं.

"अजी, दोरी ढिली सोडली तुम्ही."

"ढिली नाई. तुह्या डोळ्याले चष्मा पाह्यजे."

"मंग हे रेघ पोट सुटल्यासारखी काऊन दिसून राह्यली?"

तिनं ती रेघ पायानं पुसली आणि पुन्हा मारायला लावली. अंधार पडायच्या आत काम उरकलं. घरी आलो, वरण-भात खाल्ला, झोपलो. शनिवारी सकाळी नळ आले, ती बादली लावायला गेली आणि नळापाशीच खाली बसली. मी उचलून आणलं. डॉक्टर आला, त्यानं नाडी पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. तिचं वय चाळिशीच्या जरासं पुढं. दुखणं नाही, खुपणं नाही.

रविवारी तिच्या कॉलेजातल्या पोरींचा नागपूरच्या टीमशी सामना होता. त्या सामन्याचं सांगायचं आहे, पण त्याआधी ती कोण होती ते सांगावं लागेल.

मी पाचवी नापास. वर्ध्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. ती लग्नात मॅट्रिक पास होती, म्हणजे घरात शिकलेली तीच. शाळेत असताना खेळायची. आम्हाला मूल झालं नाही. माझी आई उठता-बसता बोलायची, ती कोपऱ्यात बसून रडायची. एक दिवस म्हणाली, अमरावतीला खेळाचं शिक्षण मिळते, मी जाऊ का? आई म्हणाली, बाईमाणसानं आता शिट्टी वाजवायची का? मी म्हटलं, वाजवू दे. मी फार पुढारलेला होतो म्हणून नाही म्हटलं. घरात रडणं ऐकण्यापेक्षा शिट्टी बरी, एवढंच माझं गणित होतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट ही. शिकून आल्यावर वर्ध्यातच पोरींच्या एका कॉलेजात तिला नोकरी लागली. तिथं मुरमाचं एक मैदान होतं आणि पोरी होत्या, बाकी काही नव्हतं. बास्केटबॉलच्या रिंगा आमच्या वर्कशॉपच्या वेल्डरनं करून दिल्या. पोरी सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून खेळायच्या. पडल्या की गुडघे सोलायचे. ती हळद लावायची आणि पुन्हा उभी करायची.

आता कॉलेजांचं तेव्हा कसं होतं, ते ऐका. विद्यापीठाचे सामने वर्षातून एकदा. त्याच्या आधी सरावाचे सामने कोणाशी खेळायचे, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. खेळाच्या सरांनी पत्रं लिहायची, बोलावणं करायचं. बाकीचे सगळे आपल्याहून हलकी टीम शोधायचे. चार ठिकाणी जिंकायचं, पेपरात दोन ओळी यायच्या, प्राचार्य खूष. ही बाई उलटी. कोणती टीम आपल्याला हाणेल, तिचा पत्ता शोधायची. नागपूरच्या पोरी बोलवायची, रेल्वे कॉलनीतल्या बोलवायची. एकदा तर हायस्कूलच्या पोरांची टीम बोलावली, तेव्हा दोन पोरींचे बाप भांडायला आले होते. पोरांनी आमच्या पोरींना हरवलं. नागपूरवाल्यांनी हरवलं. रेल्वेवाल्यांनी तर असं हरवलं की पॉइंट लिहिणारा कंटाळला.

आणि पाहुण्या टीमला जेवू घालायची रीत होती. कॉलेज चहा द्यायचं, जेवण आमच्या घरी. रविवारी मला सुट्टी, म्हणून चुलीपाशी मी. वांग्याची भाजी मला चांगली जमते, अजूनही जमते. ओसरीत पंगत बसायची.

"काय व," मी तिला आत बोलावून म्हणायचो, "ह्या पोरींनी आपल्या पोरींले धुऊन काढलं. आन मी ह्याइलेच भाजी वाढून राह्यलो."

"वाढा. शिकवून गेल्या त्या. फी घेतली का?"

"हाणलं म्हण ना सीधं."

"तेच म्हटलं म्या."

जेवण झालं की ती त्या जिंकलेल्या पोरींमध्ये मांडी घालून बसायची. आमच्या पोरींनाही बाजूला बसवायची, आणि विचारायची, "आमच्यातली कोणती पोरगी तुम्हाला सोपी गेली?" आधी पाहुण्या लाजायच्या. पण पोटात जेवण गेलेलं माणूस खरं बोलते. एक म्हणायची, ती लंबी आहे ना, तिला डावा हातच नाही, त्या बाजूनं गेलं की रस्ता मोकळा. दुसरी म्हणायची, तुमच्या सगळ्या पोरी रिंगकडं पाहतात, आमच्याकडं कोणी पाहतच नाही. आमच्या पोरींची तोंडं एवढीशी व्हायची. सोमवारी सकाळी मी ड्यूटीला जाताना पाहायचो, तर त्या लंब्या पोरीचा उजवा हात ओढणीनं पाठीमागं बांधलेला आणि ती डाव्या हातानं चेंडू आपटत मैदानाला चकरा मारून राह्यली. असं शिकवताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलं नाही.

ही लंबी पोरगी वडनेरची. बाप शेतकरी, कापूसवाला. कापूस विकायला आला की कॉलेजात डोकवायचा. एकदा आमच्या घरीच आला, पाणी प्याला आणि म्हणाला, "बाई, माही पोरगी हारायलेच येते का वर्ध्याले?"

"हो," ती म्हणाली. "तुमच्या गावात कोण हरवंन तिले? तिथं सगळ्याइत उंच तेच."

"उंचीचंच त लफडं आहे. पोरगा भेटत नाई तिच्याएवढा."

"मंग थांबा ना. वाढून राह्यला असंन कुठंतरी."

तो हसला, पण जाताना सांगून गेला. टीम आहे तोवर पोरगी कॉलेजात. टीम नाही त पोरगी गावात.

हे सगळं ऐंशी सालाच्या पुढं आलं तेव्हा कॉलेजच्या सेक्रेटरीनं तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं झाली, कपाटात एक कप नाही. कमिटी म्हणते, ते मैदान सायकल स्टँडला द्या, पोरींच्या सायकली उन्हात तापतात. मी किती दिवस थोपवू? यंदा आर्वी, हिंगणघाटकडच्या नव्या टीम बोलवा. चार सामने जिंका, फोटो काढा, मी कमिटीचं पाहतो. ते नको असेल तर विद्यापीठाच्या सामन्यात दोन फेऱ्या जिंकून दाखवा. नाहीतर यंदा शेवटचं."

ती घरी आली आणि नागपूरला पत्र लिहायला बसली. मागच्या साली विद्यापीठात पहिली आलेली टीम होती ती. मी डोक्याला हात लावला.

"काव, या साली तरी सोपी टीम घे. त्या वडनेरवालीचं शिक्षण आहे त्याच्यावर."

"म्हणूनच त भारी घेतली," ती म्हणाली. "सोप्या टीमनं कमिटी खूष होईन. आन विद्यापीठात पहिल्याच दिवशी माह्या पोरी तोंड वासून उभ्या राह्यतीन. पहिला धक्का तिथं बसला त उठायले टाइम भेटत नाई. इथं बसू द्या, माह्या डोळ्यासमोर."

मी गाड्यांचं काम केलेला माणूस. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून ब्रेक कळत नाही, हे मला माहीत होतं. पण पोरींच्या बाबतीत ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं सांगितलं.

त्या सीझनला आम्ही घरच्या मैदानावर एकही सामना जिंकलो नाही. वर्कशॉपमधले रोज विचारायचे.

"काय भाऊ, वहिनीची टीम जिंकली का?"

"नाई."

"मंग भाजी तरी जिंकली का?"

"भाजी संपली."

ते हसायचे, मीही हसायचो. पण मला एक गोष्ट दिसून राह्यली होती. पहिल्यासारखं धुऊन कोणी जात नव्हतं. पाहुण्या पोरी दमून जेवायला बसायच्या, बोलायच्या कमी. एक दिवस मी वाढत असताना त्यांच्यातली एक मलाच विचारते, "काकाजी, ती लंबी डाव्या हातानं कधीपासून खेळते?" मी म्हटलं, जेवा.

शेवटचा सामना नागपूरचा. तो रविवारी. विद्यापीठाचे सामने त्याच्या पुढच्या आठवड्यात. आणि शनिवारी ती गेली.

दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो. घरात चूल पेटवायची नसते, शेजारच्या घरून भात आला होता, कोणी खाल्ला नाही. माझा मोठा भाऊ गावाहून आला होता, तो भिंतीला टेकून बसला. पोरी फाटकाबाहेर उभ्या होत्या, आत कोणी येईना. तेवढ्यात सेक्रेटरी आला, हात जोडून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मी नागपूरला ट्रंक कॉल लावतो. उद्याचा सामना रद्द करू."

मी म्हटलं, "लावू नका."

भाऊ म्हणाला, "येडा झाला का बे? सुतकात खेळ लावतं का?"

"सुतक मले आहे, दादा. पोरींले नाई."

"लोक काय म्हणतील?" सेक्रेटरी म्हणाला.

"म्हणतीन. पोरी हारते म्हणून इतके साल म्हणतच होते ना."

मी उठून फाटकापाशी गेलो. वडनेरवाली पुढं उभी होती, डोळे सुजलेले. तिनं विचारलं, "काकाजी, आमच्याकडून होईन का?"

मी खोटं कसं बोलू? म्हटलं, "मले काय माईत? मी फिटर आहे. पण ते टीम पुन्हा येणार नाई. जा, झोपा आता."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, लोकांना लटकवून ठेवणं मला आवडत नाही. रविवारी आमच्या पोरी हरल्या. थोडक्यात हरल्या, पण हरल्या. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या सामन्यात त्यांनी दोन फेऱ्या जिंकल्या आणि तिसरीत पडल्या. तिथं समोरच्या टीमच्या पोरी पहिल्या धक्क्यात रडायला लागल्या, ह्या नाही रडल्या. ह्यांना काही नवीन नव्हतं. मैदान राहिलं, सायकल स्टँड कॉलेजच्या फाटकाच्या दुसऱ्या बाजूला झाला. वडनेरवाली कॉलेज पुरं करून अमरावतीलाच शिकायला गेली आणि पोरींना खेळ शिकवायच्या नोकरीत लागली. नवरा मिळाला, तिच्याहून बुटका. कप अजूनही नाही त्या कपाटात, निदान माझ्या माहितीत तरी.

लोक मला म्हणतात, तुमची बायको हारणाऱ्या टीमची मास्तरीण होती. म्हणू द्या. हलक्याला हरवून मोठं दिसायची सगळ्यांना हौस असते, मलाही होती. तिला नव्हती. ती दुनियेला सांगत होती, आमच्याहून जो भारी आहे तो या, जेवा आणि आमचं काय चुकते ते सांगून जा. एवढी छाती मी गड्याची पाहिली नाही. तिची पाहिली, ते माझं नशीब.

तर रविवारची सकाळ. अंघोळ केली. ज्यानं अग्नी दिला त्यानं तिसऱ्या दिवसापर्यंत गावात फिरू नये, असं भाऊ म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मी सायकल काढली आणि बसस्टँडवर गेलो.

नागपूरची गाडी लागली. पोरी उतरल्या, हसत-खिदळत, खांद्याला पिशव्या. त्यांचे सर मला ओळखत होते, माझ्या हातचं जेवून गेले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम नाही आल्या?" मी सांगितलं. पोरींचं हसणं बंद झालं. कोणी पिशवी खाली ठेवली, कोणी तोंडाला ओढणी लावली. सरांनी माझा हात धरला. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "आज आमच्या पोरी सांभाळून खेळतील. मी सांगतो त्यांना. मॅडमच्या नावानं आज तुमच्या पोरींना जिंकू देऊ. त्यांना बरं वाटेल."

माणूस चांगला होता. मनापासून बोलत होता. काल दिवसभर मी रडलो नव्हतो, तिथं स्टँडवर रडलो. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"सर, हे नका करू. ते हलक्या टीमले बोलावतच नव्हती. तुम्ही हलके झाले त तिनं कोणाले बोलावलं मंग?"

सरांनी माझा हात सोडला. मी म्हटलं, "सांभाळूनच खेळायचं असंन त हे गाडी अर्ध्या तासानं परत जाते. तिकिटं मी काढतो."

त्यांची कॅप्टन जवळच उभी होती. तिनं ऐकलं होतं. सरांना काही न विचारता तिनं मलाच विचारलं, "काकाजी, पूर्ण खेळायचं?"

"पूर्ण. दया-माया नाई."

तिनं मान हलवली आणि मागं जाऊन बाकीच्यांना सांगितलं. मी त्यांच्या चेंडूंची जाळी घेतली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि कॉलेजचा रस्ता दाखवत पुढं चालू लागलो.