पितळ-लोखंडाची सोयरीक

किस्से साचतात कसे, ते आमच्या दुकानात येऊन बघा! लेथखालचा चुरा रोज झाडते, तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच. किस्स्यांचंही तसंच. मी सुमन. केळीच्या मुलखातल्या लालबागेत आमचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. मोटारचं वायंडिंग मी भरते, लेथ कलीमभाई चालवतात आणि मालक म्हणजे मामा. माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या लालबागचे!

मामांचा एक शब्द आहे, सोयरीक. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यात पाणी आलं, की कमजोर असेल तो झिजत जातो, दुसरा मजेत राहतो. म्हणून साधा बोल्ट लावायचा तरी मामा विचारणार, "सोयरीक पाहिली का?"

दुकानाच्या पाटीवर त्यांचा फार जीव. "आपल्या चुकीनं एखादं गाव तहानलं ना, त्या दिवशी ही पाटी मी माझ्या हातानं उतरवीन," असं ते म्हणतात. आणि मामा उगाच काही बोलत नाहीत.

* * *

एकदा चांदनी गावाहून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात लिफाफा. मामा फोनवर कुणाला तरी झापत होते, "पितळेच्या व्हॉल्व्हला लोखंडी पाइप? अरे, ही सोयरीक वर्षभर नाही टिकायची!"

गृहस्थांचा चेहरा पडला. तेवढ्यात लेथ सुरू झाली, एकाचं दुसऱ्याला नीट ऐकू येईना. ते वाकून म्हणाले, "आमची मुलगी एम.एस्सी. आहे..."

'मुलगी' हा शब्द लेथच्या आवाजात गेला. मामांना ऐकू आलं एम.एस., म्हणजे आमच्या धंद्यात साधं लोखंड.

"एम.एस.? दोन पावसाळ्यांत गंजेल!"

गृहस्थ ताडकन उठले! त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, लालबागचे मामा सोयरिकी जाणतात. चहा पाजून, हात जोडून आम्ही कशीबशी समजूत काढली.

चार दिवसांनी ती मुलगीच दुकानात आली, हसत. केमिस्ट्रीवाली. झिजलेला पाइप हातात घेऊन म्हणाली, "मामा, याला गॅल्व्हानिक करोजन म्हणतात."

मामा म्हणाले, "म्हणत असतील बाई. तुमच्या कॉलेजात उशिरा कळलं असेल!"

* * *

धनराजभाऊंची केळीची बाग आहे. ठिबकचा फिल्टर घेऊन आले तेच चिडून. "मामा, स्टेनलेस आहे हो हे! मग गंजलं कसं?"

वरून फिल्टर आरशासारखा लखलखीत. मामांनी रबराचं पॅकिंग उचललं, तर खाली खड्डेच खड्डे! ठिबकमधून पोटॅश सोडलेलं पाणी त्या फटीत शिरलं, तिथंच अडकून बसलं आणि आतल्या आत स्टील खात गेलं. उघडं अंग धुतलं जातं, फटीकडे कोण बघतो?

"भाऊ, तुमच्या फिल्टरनं अंघोळ केली, कानामागं घासलंच नाही!"

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरच्या वहिनी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "सुमनताई, मामांनी काय सांगितलं हो यांना? फिल्टर आहे तसाच आहे, हे मात्र रोज तासभर कान घासतात!"

* * *

एक कंपनीवाला आला होता, टाय-बिय लावून. पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची, आत तांब्याची नळी. म्हणे लाइफटाइम गॅरंटी! कलीमभाईंनी लेथ बंद केली, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, "किसकी लाइफटाइम, साहब? पंप की, या आपकी नौकरी की?"

* * *

आता धूलकोटच्या बाजूचा किस्सा. हा सांगताना माझा आवाज अजून बदलतो.

मामांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चुंबक असतं. नियम असा, की स्टीलच्या पंपाला लावायचा प्रत्येक बोल्ट आधी चुंबकाला दाखवायचा. आमचे स्टेनलेसचे बोल्ट चिकटत नाहीत, लोखंडाचा टचकन चिकटतो.

तिकडच्या एका गावाचा बोअरचा पंप आम्ही दुरुस्त केला होता. चार महिन्यांत फोन आला: पंप बंद, दोन दिवस गावाला पाणी नाही. मामांनी शटर ओढलं, नवे बोल्ट घेतले आणि पेचकस खिशात टाकला. तो पेचकस पंपाच्या कामाचा नव्हता. पाटीचे स्क्रू त्यानंच निघतात! आम्ही तिघं निघालो.

गाव जमलं होतं. पंप वर ओढला, तर खालची मोटार नुसती केबलवर लटकलेली. जोडाचे बोल्ट झिजून तुटले होते. मामांनी एक तुकडा चुंबकाला लावला. टच!

मामा म्हणाले, "चूक माझी आहे. बोल्ट मी आवळले."

माझ्यानं राहवलं नाही. "नाही हो! काढून मी दिले. चमकत होते, स्टीलचेच वाटले. चुंबक लावायचा मी कंटाळा केला."

तेवढ्यात कलीमभाई पुढे. "अरे, स्टील के डिब्बे में लोहे के बोल्ट डाले किसने? मैंने! ग़लती मेरी है!"

"कलीम, तू गप बैस. दुकान माझं आहे!"

"दुकान आपकी, डिब्बा मेरा!"

"पण हात माझा होता ना!" मी ओरडले.

झालं, तिघांची जुंपली! लाज वाटत होती, पण खरं सांगते, या दोघांबरोबर मी काम करते याचा तेव्हा वाटला तेवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

सरपंचबाई मध्ये पडल्या. "थांबा, थांबा! आमच्या गावात साधी तोटी तुटली तर एक माणूस कबूल करत नाही, अन् तुम्ही तिघं चुकीसाठी भांडताय?"

सगळं गाव हसलं. मग गावासमोर एकेक नवा बोल्ट चुंबकाला दाखवून बसवला. चार वाजता नळाला पाणी आलं. मामांनी हात धुतले, पेचकस काढला आणि मान खाली घालून म्हणाले, "बोललो होतो. आता दुकानावर जाऊन पाटी उतरवतो."

सरपंचबाईंनी पहिला तांब्या भरून मामांच्या हातात दिला, पेचकस काढून घेतला आणि म्हणाल्या, "पाणी प्या, मामा. ही सोयरीक आम्ही मोडू देणार नाही."